अडखळण्याची तालीम

"शेजारणीच्या इंटरव्ह्यूत पडू नकोस," हेरंब मला म्हणाला होता. "नोकरी लागली तर तिच्या हुशारीनं लागेल. नाही लागली, तर तू मध्ये कशाला तडमडलीस, असं होईल."

मी तेव्हा कुमूची नखं कापत होते. दीड वर्षाच्या मुलीची नखं कापताना बाईला दुसरं काही ऐकू येत नाही. मी नवऱ्याला नुसतं "हं" केलं आणि पुढच्या बोटाकडे वळले.

शेजारीण म्हणजे श्रावस्ती. दिल्लीच्या द्वारका भागातल्या आमच्या सोसायटीत तिचं दार आमच्या दारासमोर. मूळची वर्ध्याची. नवरा धम्मदीप केंद्र सरकारच्या एका खात्यात अधिकारी, महिन्यातले निम्मे दिवस दौऱ्यावर. मुलगा सुगत, साडेतीन वर्षांचा. आम्ही राहायला आलो त्या दिवशी ती जिन्यात सुगतला म्हणत होती, "काय करून राहिला रे तू तिथे?" दिल्लीत समोरच्या दारातून मराठी! मी हातातल्या पिशव्या खाली ठेवून तिच्याकडे बघतच राहिले. तर तीच म्हणाली, "काय बघून राहिली? पुण्याची दिसते. ये, चहा घे."

सुगतच्या आधी तिनं सात वर्षं नोएडाच्या एका कंपनीत काम केलं होतं. बँकांचे व्यवहार ज्यावर चालतात ते सॉफ्टवेअर. सुगत वेळेच्या आधी जन्मला, पहिली दोन वर्षं त्याचं दवाखाना आणि घर एवढंच चाललं, आणि नोकरी सुटली. आता त्याची तब्येत सुधारली होती आणि तिनं अर्ज पाठवायला सुरुवात केली होती. बहुतेक ठिकाणांहून उत्तरच यायचं नाही. एका बाईनं फोनवर मोकळेपणानं सांगितलं, "मॅडम, चार साल का गॅप है. पाँच हो गया तो सिस्टम खुद ही निकाल देता है."

अशात गुडगावच्या एका बड्या परदेशी कंपनीनं तिला मुलाखतीला बोलावलं. नापास झालं तर वर्षभर तिथे पुन्हा अर्ज करता येत नाही असा त्यांचा नियम. म्हणजे चाराचं पाच झालंच. श्रावस्ती हे मला सांगताना भेंडी चिरत होती, आणि सुरी एकदाही थांबली नाही. पण भेंडीचे तुकडे नेहमीपेक्षा फार बारीक होत होते.

"सात वर्षं काम केलंयस, मग भीती कसली?" मी म्हटलं.

"त्या सात वर्षांबद्दल कोणी विचारणारच नाही, प्रणिता. कोडी घालतील. आणि ती सोडवायची कुठे, तर भिंतीवरच्या पांढऱ्या फळ्यावर, पेनानं. कॉम्प्युटर नाही."

"म्हणजे स्वयंपाक येतो का बघायचं, पण गॅस द्यायचा नाही?"

"गॅस नाही, भाजी नाही, आणि जी भाजी आजवर कोणी केली नाही तिची कृती पाऊण तासात फळ्यावर लिहायची. तीही तोंडानं बोलत बोलत. गप्प बसून विचार केला की म्हणतात, हिला संवाद साधता येत नाही."

"इंग्रजीत बोलायचं?"

"मग काय वर्ध्याच्या मराठीत?"

बोलत बोलत विचार करायला समोर माणूस लागतो, म्हणून मी बसले. मी बी.एस्सी. बॉटनी. कोडमधलं मला काही कळत नाही, आणि तिला तेच बरं वाटायचं. "तुला समजलं तर कोणालाही समजेल," ती म्हणायची. हे कौतुक नव्हे हे मला कळत होतं, पण मी बसायचे. दुपारी मुलं झोपली की तिच्या स्वयंपाकघरात तिचा पांढरा फ्रिज हा आमचा फळा. ती पुसता येणाऱ्या पेनानं त्याच्यावर लिहायची, आणि मी ओट्याला टेकून कान मुलांच्या खोलीकडे आणि डोळे फ्रिजकडे ठेवायचे. पेनाचा वास मुलांना बाधेल म्हणून खिडकी उघडी ठेवायला मीच लावली होती.

मी आजवर हुशार माणसं पाहिली नाहीत असं नाही. पण हुशारी चालताना, पावलं टाकताना कशी दिसते ते त्या फ्रिजवर पहिल्यांदा पाहिलं. ती चुकायची तेव्हा चिडायची नाही. चुकलेल्या ओळीसमोर उभी राहून तिच्याकडे बघायची, जशी आई हट्टी मुलाकडे बघते: बाबा रे, तुला नक्की काय हवंय? मग एक ओळ खोडून दुसरी लिहायची आणि म्हणायची, "अच्छा. असं होय." कधी भाजी करपायची. सुगत उठून दारात यायचा आणि विचारायचा, "मम्मा, फ्रिज का एग्झाम खतम हुआ?"

मग हेरंबनंच त्यात पाय घातला. मला नको म्हणणारा हा. तो स्वतःही गुडगावच्याच एका कंपनीत इंजिनिअर. त्याच्या ऑफिसातला श्यामकांत महिनाभरापूर्वी त्या बड्या कंपनीत मुलाखत देऊन आला होता. रविवारी चहाला श्रावस्ती आली तेव्हा हेरंब म्हणाला, "ते लोक एक मीटिंगच्या खोल्यांचा प्रश्न हमखास विचारतात म्हणे."

"भाऊ, उत्तर सांगू नका," ती घाईनं म्हणाली. "नुसता प्रश्न सांगा."

प्रश्न मलासुद्धा कळला. एका ऑफिसात दिवसभर मीटिंगा आहेत, प्रत्येकीची सुरुवातीची आणि संपायची वेळ दिली आहे. कमीत कमी किती खोल्या लागतील? आमच्या सोसायटीच्या हॉलवरून कीर्तन आणि वाढदिवस यांची मारामारी होते, तसंच.

दुसऱ्या दिवशी फ्रिजसमोर तिनं तो सोडवला. आधी ती प्रत्येक मीटिंग दुसऱ्या प्रत्येक मीटिंगशी ताडून बघत होती. मग थांबली. "मीटिंगकडे बघायचंच नाही," ती म्हणाली. "फक्त दाराकडे बघायचं. कोणी आत गेलं की एक वाढव, बाहेर आलं की एक कमी कर. दिवसभरात सगळ्यात मोठा आकडा जो होईल, तेवढ्या खोल्या." सगळ्या वेळा क्रमानं लावून तिनं ते लिहून काढलं, आणि मला इतका आनंद झाला की मी टाळी वाजवली आणि कुमू रडत उठली.

पण हेरंबला ते पुरेसं वाटलं नाही. "आता खरं काम," तो म्हणाला. "अडखळायला शिका."

"म्हणजे?"

"हा प्रश्न आला तर धडाधडा उत्तर सांगायचं नाही. त्यांना कळतं पाठ आहे म्हणून. आधी चुकीच्या वाटेनं जायचं. सगळ्या मीटिंगा एकमेकींशी ताडायच्या. मग थांबायचं, कपाळाला आठ्या. 'पण हे फार हळू चालेल.' मग जरा शांतता. मग एकदम डोळे मोठे!"

"हेरंब, तू हे सगळं कुठे शिकलास?" मी विचारलं.

"सगळे करतात यार. मुलाखत म्हणजे नाटकच असतं. प्रामाणिकपणे माहीत आहे म्हणून सांगणारे दोन-चार नग असतात, त्यांना बिचाऱ्यांना दुसरा अवघड प्रश्न मिळतो."

मग आमच्या हॉलमध्ये, भिंतीला फळा म्हणून मोठा कागद चिकटवून, तालीम सुरू झाली. हेरंब परीक्षक, श्रावस्ती उमेदवार, मी आणि दोन मुलं प्रेक्षक. तिच्या पहिल्या आठ्या पाहून हेरंब म्हणाला, "अहो, पोट दुखतंय असं वाटतंय." दुसऱ्या वेळी डोळे मोठे केले तर सुगत घाबरला. पण चौथ्या-पाचव्या खेपेला ती अशी अडखळली, असा ओठ चावला, पेन फळ्यापासून असं मागे घेतलं, की मला खरंच वाटलं ही विसरली. मी पुटपुटलेच, "दार बघ, दार." तिघंही हसत सुटलो. त्या दिवशी मला खात्री पटली, नोकरी हिचीच.

मुलाखतीच्या दिवशी धम्मदीप दौऱ्यावर होता आणि सुगतला खोकला होता म्हणून पाळणाघरानं घ्यायला नकार दिला. मी म्हटलं, आपण सगळेच जाऊ. कंपनीच्या इमारतीसमोर मॉल आहे, मी दोन्ही मुलांना घेऊन तिथे बसते. टॅक्सीच्या खिडकीबाहेर नवे टॉवर जात होते, निम्म्यांना अजून काचा बसायच्या होत्या. तिनं सुगतच्या डोक्यावर हात ठेवला होता, आणि तो काढायचं विसरली होती.

मॉलमधली ती सकाळ माझ्या लेखी वर्षभराची होती. सरकत्या जिन्यांची मला धास्ती. कुमूला कडेवर, सुगतचं मनगट मुठीत, आणि त्याला प्रत्येक जिन्यावरून जायचं होतं. वरच्या मजल्यावर खायच्या टेबलांपाशी बसले तर पहारेकरी आला, "मॅडम, कुछ ऑर्डर करेंगी?" मी इडली मागवली. मग डोसा. मग नुसते पापड. काचेतून समोरची इमारत दिसत होती. तिच्या निळ्या काचांमध्ये कुठला मजला तिचा, हे शोधत मी मुलांच्या तोंडात घास भरत होते. आत एकामागून एक माणसं येऊन तिला कोडी घालत असणार, आणि ती पेनानं उत्तरं लिहीत असणार, आणि तिथे भिंतीआडून "दार बघ" म्हणणारं कोणी नसणार.

दुपार कलल्यावर ती आली. चालण्यावरून काही कळेना. खुर्चीत बसली, सुगतचा अर्धा पापड खाल्ला आणि म्हणाली, "शेवटच्या फेरीत मीटिंगच्या खोल्या आल्या."

"अगं!" मी जवळजवळ ओरडले. "मग? अडखळलीस नीट?"

"पहिल्यांदा अडखळले. चुकीच्या वाटेनं गेले, आठ्या घातल्या. समोर एक दाक्षिणात्य गृहस्थ होते, वयस्कर म्हणावेत असे, शांत. सकाळपासूनचे सगळे कॉम्प्युटरमध्ये डोकं घालून टाईप करत होते, माझ्याकडे बघतही नव्हते. हा माणूस ऐकत होता. मी अडखळले तसा तो पुढे सरकला. म्हणाला, घाई नाही, आधी पाणी प्या. मग म्हणाला, मीटिंग एकेक बघण्यापेक्षा वेळा बघितल्या तर काही दिसतं का?"

"म्हणजे त्यानंच उत्तर सांगितलं! मग तर..."

"त्यानं मदत केली, प्रणिता. मनापासून. मला जे येत होतं त्यात. आणि मी डोळे मोठे करायला गेले, तर होईनात." ती पाणी प्यायली. "मी सांगून टाकलं, सर, हा प्रश्न मला आधीपासून माहीत आहे. मी सोडवलेला आहे. तुम्ही दुसरा द्या."

कुमूनं टेबलावरचं पाणी सांडलं, ते पुसायला मला बरं निमित्त मिळालं.

"पण तू तो स्वतः सोडवला होतास," मी शेवटी म्हटलं. माझा आवाज चढला होता. "मी बघितलंय. फ्रिजवर. कोणी सांगितलं नव्हतं तुला. खोटं काय होतं त्यात?"

"उत्तर खोटं नव्हतं. अडखळणं खोटं होतं."

"सगळे करतात!"

"करू दे." ती सुगतच्या शर्टावरचे पापडाचे कण एकेक उचलत होती. "तुला एक सांगते. कॉलेजात मला प्रवेश मिळाला तेव्हापासून लोक विचारून राहिलेत, खरंच येतं का हिला, की असंच मिळालं. तोंडावर कोणी कमी विचारतं. पण विचारतात. नोएडात विचारलं, लग्नात विचारलं. मी प्रत्येकाला करून दाखवलं. आता मी आत जायला नाटक केलं असतं, तर उद्यापासून तोच प्रश्न मीच मला विचारला असता. रोज. मग कोणाला करून दाखवू?"

माझ्यासारख्या बाईला हा प्रश्न आयुष्यात कोणी विचारलेला नाही. माझं नाव, आडनाव, पुणं, सगळं आधीच उत्तर देऊन टाकायचं. मॉलच्या गोंगाटात मला ते पहिल्यांदा नीट ऐकू आलं.

"दुसरा प्रश्न?" मी विचारलं.

"अवघड होता. गावं आहेत, गावांना जोडणारे रस्ते आहेत. असा रस्ता शोधायचा, की तो एकटा बंद पडला तर काही गावं बाकीच्यांपासून तुटतील. वेळही थोडा उरलेला. अर्धा झाला. पण तो माणूस उठला ना, तेव्हा त्यानं हात पुढे केला. सकाळपासून कोणी केला नव्हता."

परतताना टोलनाक्यावर गाड्यांची ही रांग. मुलं माझ्या मांडीवर झोपली होती, माझे पाय बधिर. श्रावस्ती मॉलमधून आणलेल्या कागदी रुमालावर काहीतरी रेघोट्या ओढत होती. ड्रायव्हर हॉर्न वाजवत होता, शेजारच्या गाडीतला माणूस कोणाला तरी शिव्या देत होता. एकदम ती म्हणाली, "अच्छा. असं होय."

"काय?"

"सापडलं. जायचं, आणि परत येताना दुसऱ्या वाटेनं घरी पोचता येतंय का ते बघत यायचं. ज्या रस्त्याच्या पलीकडून परत यायला दुसरी वाटच नाही, तो तुटणारा रस्ता." तिचा चेहरा असा उजळला होता, जसा नोकरी लागली असती तरी उजळला नसता.

"आता काय उपयोग?" मी म्हटलं. मला रडू येत होतं, रागही.

"उपयोग कशाला हवा? बघ तर खरं, किती सुंदर आहे." आणि तिनं तो रुमाल झोपलेल्या मुलांच्या वरून माझ्यापुढे धरला. मला त्यातलं काही कळलं नाही. पण ती ज्या नजरेनं त्याकडे बघत होती, तिच्याकडे मी बघत राहिले. ती इंजिनिअर आहे की नाही हे ठरवायला वर निळ्या काचांमागे लोक बसले होते, आणि ती इथे टोलच्या रांगेत, काळ्या-पिवळ्या टॅक्सीत, ठरवून मोकळी झाली होती.

घरी हेरंबला सांगितलं तेव्हा तो भडकला. "वेडी आहे का ती? श्यामकांतनं प्रश्न सांगितला कशाला मग? हातातली नोकरी!" मी त्याला ती मॉलमध्ये काय म्हणाली तेही सांगितलं. त्यानं टीव्ही बंद केला. जेवण संपत आल्यावर ताटात बोट फिरवत म्हणाला, "मी केलं होतं. अख्खं नाटक. आठ्यांसकट. आता आठ वर्षं झाली." मग उठला, हात धुतले आणि तिच्या दाराची बेल वाजवली. "तो दुसरा प्रश्न काय होता म्हणालात?" मागोमाग जाऊन मी तिच्या स्वयंपाकघराच्या दारातून बघत होते. फ्रिजसमोर ती समजावत होती आणि हा, जो ऑफिसात दहा जणांचा प्रमुख आहे, मान हलवत ऐकत होता. पहिल्यांदाच मला तो तिथे काही सिद्ध करायला उभा नाही असा दिसला.

आठवड्यानं कंपनीचं पत्र ईमेलवर आलं. तीन ओळी. आपल्या वेळेबद्दल आभार, आपली उमेदवारी पुढे नेता येत नाही, बारा महिन्यांनंतर पुन्हा अर्ज करू शकता. कारण नाही. तिनं फोन केला, तर कारण सांगायची पद्धत नाही म्हणाले. अख्खा दिवस माणसाला उभं करायचं, आणि का नाही हे दोन शब्दांत सांगायचं नाही, याचा राग मला अजून येतो. ती म्हणाली, "बिचाऱ्या त्या माणसानं चांगलंच लिहिलं असेल गं. बाकीच्यांनी मत दिलं असेल." हिला त्यातही त्याची बाजू घ्यायची होती.

उन्हाळ्यात धम्मदीपची नागपूरला बदली झाली. सामान ट्रकमध्ये चढताना मी सुगतचा स्वेटर नीट घडी घालायच्या निमित्तानं तिच्या घरात रेंगाळले. नागपुरात तिनं एका छोट्या कंपनीत काम धरलं, दवाखान्यांचं सॉफ्टवेअर करणारी, दहा-बारा माणसांची. पगार निम्मा. पण त्यांनी तिला कोडी घातली नाहीत. एक बंद पडलेला प्रोग्रॅम दिला आणि म्हणाले, चालू करून दाखवा. तिनं जेवणाच्या सुट्टीआधी केला.

आता ते बारा महिने संपलेत, आणि तिनं पुन्हा अर्ज केला आहे. त्याच कंपनीत, यावेळी हैदराबादच्या ऑफिसात. मुलाखत याच महिन्यात आहे. हे तिनं मला सांगितलं नाही, धम्मदीपकडून हेरंबला कळलं. मी फोन करते तर ती सुगतच्या शाळेचं बोलते, उन्हाचं बोलते, कुमू मराठी बोलते का विचारते. मी विचारलं, "तयारी कोणासमोर करतेस?" तर म्हणाली, "आता काय तयारी, येतं मला." आणि तिकडून इतकं शांत ऐकू आलं की तिनं फोन ठेवल्यावरही मी माझा तसाच कानाला धरून होते. धम्मदीप दौऱ्यावर आहे. दिवसभर नोकरी, संध्याकाळी मूल, आणि नंतर ऐकणारं कोणी नसताना भिंतीकडे तोंड करून बोलत उभी असणार, हे मला इथे दिल्लीत बसून दिसतं. मी जायला हवं, पण मला सातवा महिना आहे आणि डॉक्टर प्रवासाला नको म्हणतात.

तुमच्यापैकी कोणी नागपूरला वर्धा रोडच्या बाजूला राहत असेल, तर कृपा करा. श्रावस्ती म्हणून विचारा. सोसायट्यांमधून सापडेल, तिच्यासारखी दुसरी तिथे नसणार. संध्याकाळी जा, ती चहा करेलच. कोडमधलं काही कळत नसलं तरी चालेल, मलाही कळत नव्हतं. तिला म्हणा, बोल तू, मी ऐकते. आणि कशी दिसते ते मला कळवा.